रेडिएशन बायॉलॉजीत जायचंय? सर्टिफिकेट राहू द्या, आधी एक कर्व्ह काढा

त्रिज्या

मे महिना जवळ आला की ईमेलचा मारा सुरू होतो. "रिस्पेक्टेड मॅडम, मला कॅन्सर रिसर्चमध्ये अतिशय रस आहे, दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळावी." खालचं नाव बदलतं, मजकूर तोच. एकीत तर वर दुसऱ्याच लॅबच्या सरांचं नाव राहून गेलं होतं. मी नवी मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पेशींवर रेडिएशनचे काय परिणाम होतात यावर काम करते. एकेकाला उत्तर देत बसणं होत नाही, म्हणून हा धागा. मुलांनी वाचावा, प्राध्यापक मंडळींनी जरूर वाचावा.

आधी एक घोळ निस्तरते. रेडिएशन बायॉलॉजी म्हणजे एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स नव्हे. मेडिकल फिजिक्सही नव्हे. बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स, ज्याला सगळे डिप-आरपी म्हणतात, तो फिजिक्सवाल्यांसाठी आहे. तो करून मुलं हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात लागतात. झूऑलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री, बॉटनी केलेल्यांचा रस्ता वेगळा. रेडिएशनने डीएनए तुटतो, पेशी तो जोडते, कधी जमतं, कधी जमत नाही, कधी चुकीचं जोडलं जातं. या सगळ्याचा अभ्यास म्हणजे आमचं शास्त्र. ट्यूमरला एकदम मोठा डोस न देता रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक), आठवड्यातले पाच दिवस असं का देतात, याचं उत्तर फिजिक्समध्ये नाही, पेशीत आहे.

आता मुद्दा. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या बायोडेटात पीसीआर असतो, वेस्टर्न ब्लॉट असतो, 'बायोइन्फर्मॅटिक्स टूल्स' असतात, कार्यशाळांची डझनभर सर्टिफिकेटं असतात. मी एकच विचारते: सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे डोस वाढवत गेलं तर किती पेशी जगतात त्याचा आलेख, काढून दाखव, आणि त्याला सुरुवातीला खांदा का असतो ते सांग. बहुतेक गाडी इथेच अडते. मला तपशील नको असतो. कमी डोसला पेशी दुरुस्ती करून निभावून नेते, डोस वाढला की दुरुस्ती पुरी पडत नाही, म्हणून रेघ आधी हळू उतरते आणि मग घसरते, इतकं स्वतःच्या शब्दांत आलं तरी मी खूश.

हा कर्व्ह १९५६ साली पक आणि मार्कस या दोघांनी हेला पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) काढला. आज सत्तर वर्षं होत आली, तरी तो काढायची 'क्लोनोजेनिक ॲसे', म्हणजे डोसनंतर किती पेशी जगून कॉलनी करतात ते मोजायची चाचणी, हीच आमच्या शास्त्राची कसोटी आहे. करायला साधी, पण घाम काढते. पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सुट्या करायच्या. अगदी सुट्या, कारण दोन पेशी चिकटून राहिल्या तर त्यांची एकच कॉलनी दिसणार आणि सगळा हिशेब चुकणार. मग मोजून डिशमध्ये टाकायच्या: डोस न दिलेल्या डिशमध्ये २००, तर ८ ग्रेच्या डिशमध्ये काही हजार, कारण तिथे जगणार मोजक्याच. मग दहा ते चौदा दिवस इन्क्यूबेटरला हात लावायचा नाही. मुलांना हेच सगळ्यात जड जातं. रोज उघडून बघतात, डिश हलते, सुटलेल्या पेशी बाजूला जाऊन बसतात आणि तिथे भलत्याच कॉलन्या उगवतात. शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं, डिश उलटी धरून मागून मार्करने टिपके देत मोजायचं. ५० पेशींच्या वरची ती कॉलनी, खालची नाही. ४७ आहेत की ५३ यावर मायक्रोस्कोपपाशी भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. तीनदा प्रयोग करून तिन्ही रेघा एकमेकींजवळ बसल्या की त्या मुलाला काय येतं ते मला कळतं, सर्टिफिकेट बघावं लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डोस. बायॉलॉजीची मुलं इथे डोळे मिटून घेतात. नमुन्यांना डोस द्यायच्या मशीनमध्ये, म्हणजे गॅमा चेंबरमध्ये, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत असतो, अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे डोसरेट महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त उतरतो. मशीनवर चिकटवलेल्या जुन्या कागदावरचा आकडा उचलून वेळ लावली तर सहा महिन्यांत सहा-साडेसहा टक्क्यांची गफलत. नमुना मोटरने खाली जातो आणि वर येतो, त्या जाण्यायेण्यातही डोस मिळतो. ५० ग्रे देताना तो नगण्य, अर्धा ग्रे देताना नाही. चेंबरच्या मधोमध आणि कडेला डोस सारखा नसतो, म्हणून ट्यूब कुठे ठेवली तेही वहीत लिहायचं. हे शिकायला फिजिक्सची डिग्री लागत नाही, दोन आठवडे लागतात.

प्रवेशाच्या वाटा थोडक्यात. बारावीची मुलं: नेस्ट परीक्षेतून कलिन्याच्या यूएम-डीएई सेंटरला (मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं) पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ किंवा गेट काढून बीएआरसी, खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) किंवा विद्यापीठांत पीएचडी. पहिल्या दोन्हींची पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. पीएचडी न करता थेट वैज्ञानिक व्हायचं असेल तर बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासून चालू आहे, पण बायोसायन्सच्या जागा मोजक्या. दिल्लीला डीआरडीओची इन्मास ही संशोधन संस्था आहे, आणि आयनांचे झोत हवे असतील तर तिथल्याच आययूएसी या केंद्राचा पेलेट्रॉन हा प्रवेगक. मणिपालला हा विषय बरीच वर्षं शिकवला जातोय.

जाणकारांनी भर घालावी.

---

वऱ्हाडी_मिरची

ताई, लई कामाचं लिवलं तुमी. मी अकोल्याची, एमएस्सी बॉटनी दुसरं वर्ष. आमच्या कॉलेजात गॅमा चेंबर तर सोडाच, इन्क्यूबेटरबी चालू-बंद असते. मंग आमी कर्व्ह काढावा तरी कुठं? आन् हे सगळं कॅन्सरवाल्यायसाठीच हाये का? बॉटनीवाल्यायनं काय करावं?

---

त्रिज्या

मिरची, तू अकोल्यात बसून हे विचारतेयस म्हणजे कमालच झाली :) भुईमुगाची टीएजी-२४ ऐकलीयस ना? टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. बीएआरसी आणि तुमचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेली जात, १९९१ ची. त्याआधी १९८५ ला टीएयू-१ उडीद, तोही याच जोडीचा. वऱ्हाडात उडीद पेरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला टीएयू-१ विचार, तो तुला सांगेल. दोन्हींच्या मुळाशी रेडिएशनने घडवलेले म्युटंट आहेत. रेडिएशन बायॉलॉजीचा तुमच्या भागाइतका धडधडीत पुरावा मुंबईत नाही.

बियाण्यांची सोय म्हणजे कोरडं बी पाकिटात घालून पाठवता येतं. गॅमा चेंबर असलेल्या संस्था विद्यापीठांच्या नमुन्यांना डोस देऊन देतात, फक्त गाइडच्या सहीचं पत्र आणि किती डोस हवा ते नीट लिहिलेलं लागतं. भुईमुगाला २०० ते ३०० ग्रे देतात आणि बी उगवतं. माणसाला सगळ्या अंगावर ४ ग्रेच्या आसपास मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. हा फरक का, ते शोध. कोरड्या बियात पाणी किती असतं इथून सुरुवात कर. मग उगवण किती टक्के, रोपाची उंची किती, हे डोसप्रमाणे मांड. झाला तुझा कर्व्ह, इन्क्यूबेटर न उघडता.

डोस मोजायचा असेल तर फ्रिक डोसीमीटर. फेरस सल्फेटचं आम्लातलं द्रावण, डोस मिळाला की फेरसचं फेरिक होतं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३०४ नॅनोमीटरला वाचायचं. स्पेक्ट्रोफोटोमीटर तर असेल ना?

---

वऱ्हाडी_मिरची

हाये. बायोकेमवाले कुलपात ठेवतेत. काढतो मी किल्ली :ड

---

तिरकस_बाण

धागा छान, पण अप्रिय प्रश्न विचारतो. नोकऱ्या कुठे आहेत? पाच-सहा वर्षं पीएचडी, जेआरएफ फेलोशिपचे महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, तेही काही ठिकाणी सहा-सहा महिने येत नाही. माझा चुलतभाऊ एका संस्थेत उधारीवर जेवत होता. पीएचडीनंतर परदेशात पोस्टडॉक, परत आला की वय चाळीस आणि जाहिरातच निघत नाही. पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याआधी हेही सांगा.

---

त्रिज्या

बाण, सांगते. रेडिएशन बायॉलॉजिस्ट या नावाने निघणारी कायमची पदं भारतात फार थोडी आहेत. बीएआरसी, इन्मास, टाटा मेमोरियलचा संशोधन विभाग, काही विद्यापीठं. याच नावाची पाटी दारावर हवी असेल तर हे क्षेत्र निवडू नये.

पण माझ्यासोबत शिकलेले लोक रिकामे बसलेले नाहीत. कोणी रेडिओफार्मास्युटिकल्समध्ये आहे, कोणी नियामक मंडळात, कोणी अन्न-विकिरण केंद्रात, बरेच जण औषध कंपन्यांत आणि कॉलेजांत शिकवायला. त्यांना घेतलं ते पेशी हाताळता येतात आणि आकड्यांचं भय नाही म्हणून. स्टायपेंडचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. म्हणून शक्यतो स्वतःची फेलोशिप काढूनच या, प्रोजेक्टच्या पैशांवर नको. प्रोजेक्ट संपला की पैसे संपतात, पीएचडी तिथेच लोंबकळते.

---

सरळरेषा

मी फिजिक्सचा माणूस, निवृत्त. लेख आवडला, पण त्रिज्याताई फार मवाळ लिहितात. दोन आठवड्यांत डोसीमेट्री? अहो, आमच्याकडे बायॉलॉजीचे पेपर तपासायला यायचे, त्यात 'पेशींना ५ ग्रे दिले' इतकंच. स्रोत कोणता, डोसरेट किती, कशाने मोजला, नमुना पाण्यात होता की हवेत, काही नाही. असा प्रयोग जगात दुसरीकडे कुणालाच करता येणार नाही. माझं स्पष्ट मत, फिजिक्सची मुलं घ्या आणि त्यांना बायॉलॉजी शिकवा. उलटं होत नाही.

---

त्रिज्या

सरळरेषाकाका, पेपरांबद्दल बोललात ते शंभर टक्के मान्य. पण फिजिक्सची मुलंही मी पाहिली आहेत. समीकरण सुंदर बसवतात, कर्व्हचा आकार सांगणारं अल्फा-बीटाचं गुणोत्तर दशांशात काढतात, आणि पेशींना बुरशी लागलीय हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं. हात तयार व्हायला दोन वर्षं जातात, त्याला शॉर्टकट नाही. दोन आठवडे मी म्हणते ते पाया समजायला, डोसीमेट्रिस्ट व्हायला नाही.

---

सरळरेषा

बुरशीचं मान्य. बाकी मत कायम :)

---

र्‍हाइनकाठ

जर्मनीतून +१. मी डार्मस्टाटच्या जीएसआय या आयन-प्रवेगक संशोधन केंद्रात काही काळ काम केलं. इथे कार्बन आयनांनी १९९७ ते २००८ या काळात ४०० हून जास्त रुग्णांवर उपचार झाले, आणि ते करता आले कारण त्याआधी अनेक वर्षं बायॉलॉजिस्ट आणि फिजिसिस्ट एका खोलीत बसून भांडले. एकच ग्रे, पण एक्स-रेचा वेगळा आणि कार्बनचा वेगळा, कारण कार्बन आयन वाटेत दाट माऱ्याने डीएनए तोडत जातो आणि ती मोडतोड जुळवणं पेशीला जड जातं. तेव्हा काका आणि ताई दोघेही बरोबर. आमच्या गटात फिजिक्सवाल्यांनाही कॉलन्या मोजायला बसवत.

प्रॅक्टिकल सांगायचं तर बीमटाइम, म्हणजे प्रवेगकाचा झोत वापरायला मिळणारी वेळ. प्रवेगक तुमच्यासाठी थांबत नाही. रात्री तीनला तुमचा नंबर लागला की रात्री तीनला फ्लास्क तयार हवेत, पेशी योग्य टप्प्यात वाढलेल्या हव्यात. गेला नंबर की पुढच्या संधीला महिने जातात. भारतातून येणाऱ्या मुलांना ज्ञान असतं, हे असं उलट्या वेळापत्रकाने प्रयोग आखायची सवय नसते. बसस्टॉपवर ताटकळत उभं राहायची असते, ती सवय उपयोगी पडेल म्हणा :))

म्युनिचच्या टेक्निकल विद्यापीठात रेडिएशन बायॉलॉजीचं इंग्रजीतून एमएस्सी आहे. पण तिथे २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागू झाली आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे ऐकून येऊ नका.

---

निशिगंधा_५२

मी शास्त्रातली नाही, आई म्हणून विचारते. लेकीची अशा एका ठिकाणी पीएचडीसाठी मुलाखत आहे. नातेवाईक घाबरवतायत, पुढे लग्न, मूल, वगैरे. खरं काय ते सांगा.

---

त्रिज्या

निशिगंधाताई, भीती साहजिक आहे. आमच्या कामात बहुतेक वेळा पेशी रेडिएशनमध्ये असतात, आपण नाही. गॅमा चेंबरचा स्रोत जाड शिशाच्या कवचात कायम बंद असतो, नमुना त्याच्याकडे जातो. कर्मचारी छातीवर डोस नोंदवणारा टीएलडी बॅज लावतात आणि त्याची ठरावीक काळाने तपासणी होते. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जगात निसर्गातूनच माणसाला सरासरी २.४ मिळतात. आमच्यासारख्यांच्या बॅजवर मर्यादेच्या जवळपासचे आकडे येत नाहीत. गरोदर बाईसाठी नियम याहून कितीतरी कडक आहेत. तिने कळवलं की काम बदलून देतात.

आणखी एक. केरळात करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतल्या थोरियममुळे रेडिएशन नेहमीपेक्षा बरंच जास्त आहे, लोक पिढ्यानपिढ्या तिथेच राहतात. सुमारे ७० हजार लोकांचा पाठपुरावा करून २००९ साली निष्कर्ष छापले गेले, त्यात त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. बीएआरसीची कोल्लमला त्यासाठी खास लॅब आहे, तिथे नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तातली गुणसूत्रं तपासतात. तुमच्या लेकीला कमी डोसच्या परिणामांत रस असेल तर मुलाखतीत हा विषय काढायला सांगा. मला विचाराल तर ज्या लॅबमध्ये काचेचे तुकडे, ॲसिड आणि इथिडियम ब्रोमाइड सांभाळत नाहीत, तिथे मी जास्त घाबरते.

---

निशिगंधा_५२

आभार. रात्री झोप लागेल आता. नातेवाइकांनाही धागा पाठवते.

---

तिरकस_बाण

सगळं इतकं सुरक्षित असेल तर मायापुरी कसं झालं?

---

त्रिज्या

चांगलं केलंत काढलंत, कारण तेही प्रशिक्षणाचंच प्रकरण आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं गॅमासेल, म्हणजे गॅमा चेंबरसारखंच मशीन. १९८५ नंतर वापरात नव्हतं, नुसतं पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून गेलं, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, आतला कोबाल्ट-६० लोकांनी हाताळला. एक कामगार दगावला, बरेच आजारी पडले. मशीन बिघडलं नव्हतं. ज्यांना त्याचं मोल आणि धोका माहीत होता ती माणसं निघून गेली, आणि मागे कोणाला ते नीट सांगितलं नाही.

म्हणून मी मुलांना पहिल्या आठवड्यात पिपेट देत नाही, फाइल देते. स्रोत कधी आला, किती क्युरीचा होता, आज किती उरला, परवाना कुणाच्या नावावर, सुरक्षा अधिकारी कोण, स्रोत परत कसा करायचा. कंटाळतात. कंटाळू देत.

---

सरळरेषा

हे मात्र झकास. आमच्या वेळी असं कोणी करत नव्हतं.

---

कोकणकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक अवांतर प्रश्न. हापूस अमेरिकेला जातो तो लासलगावहून रेडिएशन देऊन ना? तिथे बायॉलॉजीवाल्यांना काम असतं का?

---

त्रिज्या

असतं. लासलगावचं कृषक केंद्र मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून २००२ ला सुरू झालं. २००७ पासून आंबाही जायला लागला. कांद्याला शंभर ग्रेच्या आतबाहेर, आंब्याला किमान ४००, कारण तिथे फळातल्या किडीची पुढची पिढी थांबवायची असते. किती डोसला कीड मरत नाही पण तिला पिल्लंही होत नाहीत, हा पक्का रेडिएशन बायॉलॉजीचा प्रश्न, आणि एंटोमॉलॉजीच्या मुलांना तो कोणी सांगत नाही.

---

वऱ्हाडी_मिरची

ताई, किल्ली भेटली! सर म्हणतेत बियाण्याच्या पत्राले महिना लागते, तवरोक कांद्याच्या मुळ्यायवर हात बसव. त्यासाठी काय काय करू? आन् तुमाले ईमेल कसा लिवू, थेबी सांगा, म्हंजे माहा 'रिस्पेक्टेड मॅडम' होनार नाई.

---

त्रिज्या

कांदा उत्तम. गुणसूत्रं १६ आणि चांगली मोठी, साध्या मायक्रोस्कोपला दिसतात. छोटे देशी कांदे घे, बुडाची वाळलेली मुळं खरवडून काढ, बूड पाण्याला टेकेल असे ग्लासावर ठेव, पाणी रोज बदल. मुळं दोन सेंटिमीटरची झाली की सकाळी टोकं कापून ॲसिटिक ॲसिड एक भाग आणि अल्कोहोल तीन भाग यात टाक, मग ॲसिटो-ऑर्सिनने रंगवून काचपट्टीवर दाबायचं. आधी डोस न दिलेल्या मुळांतले विभाजनाचे सगळे टप्पे ओळखता येऊ देत. ते जमलं की मग डोस दिलेल्या मुळांत गुणसूत्रांचे पूल, तुकडे आणि मायक्रोन्यूक्लियस (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेलं छोटं केंद्रक) शोध. दर स्लाइडला किती पेशी मोजल्या ते लिही, आणि मोजताना कोणती स्लाइड कोणत्या डोसची ते तुला माहीत नको. मैत्रिणीला पट्ट्या झाकून नंबर घालायला सांग.

ईमेलमध्ये चार ओळी पुरेत. काय केलंस, आकडा काय आला, कुठे अडलीस, आमच्या कोणत्या पेपरातलं काय समजलं नाही. सोबत वहीच्या एका पानाचा फोटो. सर्टिफिकेटं जोडू नकोस.

आणि हो, कांदा बाजारातून घेताना विचारून घे. मोड येऊ नयेत म्हणून आधीच रेडिएशन दिलेला कांदा हाती आला तर आठवडाभर ग्लास बघत बसशील.